विवाह हा जामीनदार, कर्जमाफी नव्हे

अमेरिकेतून हद्दपार झालेल्या तरुणाच्या घरी धीराचे शब्द बहुधा एकच असतात : "सूनबाई तिकडची नागरिक आहे, चार-सहा महिन्यांत तो परत जाईल." या आश्वासनात अर्धेच सत्य आहे.

नागरिकाच्या जोडीदारास वार्षिक व्हिसासंख्येची मर्यादा लागू नसते, हा मोठा लाभ खरा. त्यासाठी पत्नीने आय-१३० हा अर्ज भरून विवाह खरा असल्याचे दाखवावे लागते. संयुक्त बँक खाते, भाडेकरार, विमा हे त्याचे पुरावे. परंतु अर्ज मंजूर झाला म्हणजे केवळ नाते मान्य झाले. मागील थकबाकी तशीच राहते.

ही थकबाकी दुहेरी असू शकते. १९९६च्या कायद्यानुसार एक वर्ष वा अधिक काळ बेकायदा राहून देश सोडणाऱ्यावर १० वर्षांची प्रवेशबंदी येते. हद्दपारीच्या आदेशाची बंदी वेगळी. ती प्रकरणानुसार ५, १० किंवा २० वर्षांची असते. पहिलीतून सूट मिळण्यासाठी आय-६०१, तर दुसरीसाठी आय-२१२ हा अर्ज करावा लागतो. आय-६०१मध्ये नागरिक वा कायम रहिवासी असलेल्या जोडीदाराचे किंवा आईवडिलांचे आत्यंतिक हाल सिद्ध करावे लागतात. विरहाचे दुःख तेवढ्यास पुरत नाही. आजारपणाचे अहवाल व कर्जाचे हिशेब जोडावे लागतात. एवढे करूनही मंजुरी हा हक्क नसून तो अधिकाऱ्याच्या विवेकाधीन निर्णय असतो.

सर्वांत घातक मोह चोरवाटेचा. हद्दपारीनंतर पुन्हा लपून शिरणाऱ्यावर कायमची बंदी येते. देशाबाहेर १० वर्षे काढल्यावरच परवानगी मागता येते. पत्नी नागरिक असली तरी ही मुदत टळत नाही. केवळ कागदोपत्री विवाह केल्याचे उघड झाल्यास पुढील विवाहाचा अर्जही नामंजूर होतो.

म्हणून कुटुंबाने प्रथम हद्दपारीच्या आदेशाची प्रत मिळवावी, जाण्या-येण्याच्या तारखा लिहून काढाव्यात आणि दलालाऐवजी अमेरिकेतील परवानाधारक वकिलाचा सल्ला घ्यावा. तिकडे एकट्याने संसार ओढणाऱ्या सुनेला गोड आश्वासनापेक्षा खरी मुदत सांगणे अधिक हिताचे. घर कोठे घ्यावे, नोकरी कोठे करावी, मुलांना कोणत्या शाळेत घालावे, हे सारे निर्णय तिला त्या मुदतीवरच बेतावे लागणार आहेत.