तास आहे, शिकवणारा कुठे आहे?

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री आणि मा. कौशल्य विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), रायगड जिल्हा परिषद, अलिबाग
मा. नगराध्यक्ष, रोहा-अष्टमी नगरपरिषद
आणि धाटाव औद्योगिक वसाहतीतील कारखानदार



पत्र एक आणि पत्ते अनेक, याचे कारण आपल्यालाही ठाऊक आहे. नववी-दहावीच्या मुलाच्या हातात पाना कोणी द्यायचा, असे विचारले की शाळा शिक्षण खात्याकडे बोट दाखवते आणि शिक्षण खाते कौशल्य विभागाकडे. कौशल्य विभाग म्हणतो, आयटीआय आमच्या, शाळा आमच्या नाहीत. कारखानदारांना तयार माणूस हवा असतो, तो कुठे तयार झाला याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. म्हणून सगळ्यांना एकदमच लिहितो.

मी अष्टमीचा. कुंडलिका नदीचा पूल ओलांडला की रोहा आणि रोह्यातून थोडे पुढे धाटाव. नोकरी तिथल्याच एका रसायन कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये झाली. ठेकेदाराने नवी पोरे आणली की त्यांतून हेल्पर निवडायचे काम बहुधा माझ्याकडे येई. मी कागद फारसे बघत नसे. व्हर्निअर कॅलिपर हातात द्यायचो आणि पाइपच्या तुकड्याचा बाहेरचा व्यास विचारायचो. मग बाकावर मांडलेला आठ बोल्टांचा फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची कडी, मधे गॅस्केट घालून आवळायला सांगायचो.

बारावी सायन्स झालेला पोरगा व्हर्निअरचे लघुतम माप सूत्रासकट घडाघडा म्हणून दाखवी. पण कॅलिपर पाइपला तिरका लावी, आणि जबडे नीट टेकले की नाही हे बोटांना कळत नसे. फ्लँजचे तर विचारूच नका. पहिला बोल्ट पुरता आवळायचा, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. असे केले की गॅस्केट एका अंगाला चेपते आणि दुसऱ्या अंगाला फट राहते. पाण्याच्या लाइनीवर हे खपून जाते, थोडे गळते, कोणीतरी चिंधी गुंडाळतो. ॲसिडच्या लाइनीवर त्याच फटीतून माणसाच्या तोंडावर उडते. खरी पद्धत सोपी आहे. आधी सगळे बोल्ट हाताने बसवायचे, मग एक इकडचा आणि एक बरोबर त्याच्या समोरचा असे थोडेथोडे आवळत तीन-चार फेऱ्या करायच्या. शिकायला एक सकाळ पुरते. भंगारातला फ्लँज, दोन पाने आणि शिकवणारा माणूस, एवढेच भांडवल. शाळेच्या बारा वर्षांत ती एक सकाळ कोणाला सापडली नाही.

पोरांना मी दोष देत नाही. यांतलीच कितीतरी पोरे घरचा पाण्याचा पंप उघडून बसलेली असतात, मोटरसायकलचा कार्ब्युरेटर साफ करतात. त्यांना जे येते ते शाळेत मोजले जात नाही, एवढाच त्यांचा गुन्हा.

आता आपण म्हणाल, योजना तर आहे. आहे, मान्य. समग्र शिक्षा अभियानातून निवडक शाळांत नववीपासून व्यवसाय शिक्षणाचे विषय मिळतात. ऑटोमोबाईल, रिटेल, आयटी, हेल्थकेअर, ब्युटी अँड वेलनेस, शेती, मल्टिस्किल अशी यादी आहे आणि मंडळाच्या गुणपत्रिकेवर त्याचे गुण येतात. माझे भांडण यादीशी नाही, माणसाशी आहे. खरे तर माणूस नसण्याशी. गणिताचा शिक्षक शाळेच्या हजेरीपटावर असतो. त्याला वेतनश्रेणी असते, तो निवृत्तीपर्यंत टिकतो, एकाच घरातल्या थोरल्याला आणि धाकटीलाही शिकवतो. व्यवसाय विषयाचा प्रशिक्षक खासगी सेवापुरवठादार संस्थेमार्फत येतो. तो ना शाळेचा, ना खात्याचा. शिक्षकांच्या खोलीत त्याची खुर्चीसुद्धा पक्की नसते. जरा बरी नोकरी मिळाली की तो निघून जातो, आणि त्याने का थांबावे हे मला सांगता यायचे नाही. पुढचा येईपर्यंत त्या तासाला मुले मैदानात असतात, नाहीतर इंग्रजीचे सर व्याकरण उरकून घेतात.

जिल्ह्यातल्या एका शाळेत हत्यारांचे कपाट पाहिले, ते सांगतो. नाव सांगत नाही, कारण मुख्याध्यापक भला माणूस आहे. सॉकेट सेट, टॉर्क रेंच, मल्टिमीटर, सगळे होते आणि सगळे कंपनीच्या प्लास्टिक वेष्टनात होते. मुलांनी हात लावू नये अशी ताकीद होती. कारण विचारले तर उत्तर आले, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे. एक सॉकेट हरवला तर ऑडिटमध्ये वसुली माझ्याकडून होईल. मुख्याध्यापकांचे चुकले असे मी म्हणणार नाही. जिथे मोडलेला पाना हा गुन्हा ठरतो तिथे पाना वापरायला कोण देईल? वर्कशॉपमध्ये हॅक-सॉची पाती तुटायचीच, ड्रिल बिट मोडायचेच. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत फुटलेली परीक्षानळी जशी खर्ची पडते, तशी ही हत्यारे खर्ची टाकायची सोय एका साध्या परिपत्रकाने होईल. हे काम अलिबागला होऊ शकत असेल तर मुंबईची वाट कशाला पाहायची?

या विषयात घोषणांची कमतरता कधीच नव्हती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ठरवले होते की उच्च माध्यमिकचे १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळतील. १९९२ साली धोरण दुरुस्त झाले, टक्के तेच राहिले आणि साले १९९५ व २००० झाली. मग २०२० च्या धोरणाने सांगितले, २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख होईल. त्याच धोरणात एक आकडा दिला आहे: १९ ते २४ वयाच्या कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले आपल्याकडे ५ टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. आकडा शरमेने छापला असेल असे वाटले होते. २०२५ आले तसे गेले. आता पुढचे साल कोणते छापायचे यावर बैठका होतील.

महाराष्ट्रात त्या १९८६ च्या धोरणानंतर अकरावी-बारावीचे किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले, ज्यांना सगळे एमसीव्हीसी म्हणतात. त्याच वर्षी शिकाऊ उमेदवारी कायदाही दुरुस्त झाला आणि असा कोर्स केलेल्या मुलाला कारखान्यात तंत्रज्ञ शिकाऊ म्हणून घ्यायची वाट मोकळी झाली. माझ्या हाताखाली अशी मुले आली होती. सगळी काही विश्वकर्मा नव्हती. पण त्यांना ड्रॉइंग वाचता यायचे, शॉपमध्ये कसे उभे राहायचे ते कळायचे, वर्क परमिट नसताना लाइन उघडायची नाही हे एकदा सांगून पुरायचे. आपल्या समाजाने मात्र या कोर्सला 'सायन्सला ॲडमिशन नाही मिळाली का?' एवढ्या एका प्रश्नात निकालात काढले. शासनाने त्याची जपणूक केली असती तर समाजाचे तोंड कधीतरी बंद झाले असते.

दहावीनंतरच्या या दोन वर्षांचे महत्त्व रोह्यात जास्त आहे, आणि ते मुंबईत बसून दिसणार नाही. धाटावला रसायन कारखाने आहेत. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात १८ वर्षांखालच्या मुलाला कामावर घेता येत नाही, शिकाऊ म्हणूनही नाही. कायदा योग्यच आहे, तो सैल करा असे कोणी म्हणू नये. पण दहावी झालेला मुलगा असतो सोळाचा. पैसा आणि घरचा रेटा असेल तर तो सायन्सला जातो. काहींना आयटीआयत जागा मिळते. तिथे रसायन कारखान्यासाठीच बेतलेले अटेंडंट ऑपरेटर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक असे ट्रेड आहेत आणि ते चांगले आहेत. उरलेला मुलगा दोन वर्षे कुठे असतो? रोह्याहून दिव्याच्या गाडीने पनवेलला जाऊन दुकानात उभा राहतो, कोलाडला राफ्टिंगच्या बोटी उचलतो, नाहीतर मोबाइल घेऊन पुलाच्या कठड्यावर बसतो. अठरा पुरे झाले की ठेकेदाराचा गेटपास घेऊन आत येतो, ड्रम ढकलायला. ड्रमवरचे धोक्याचे चिन्ह त्याला वाचता येत नाही. परमनंट होण्याचा रस्ता त्याच्यासाठी तिथेच संपलेला असतो.

निवडणूक आली की 'भूमिपुत्रांना नोकऱ्या' ही घोषणा ठरलेली. रोहा-मुरूडच्या प्रस्तावित बल्क ड्रग पार्कच्या, म्हणजे औषधांच्या कच्च्या मालाच्या वसाहतीच्या, वेळीही ती झाली. पुढे २०२२ साली केंद्राची मंजुरी गुजरात, हिमाचल आणि आंध्रला गेली. उद्या तो प्रकल्प किंवा दुसरा कोणताही आला, तर भूमिपुत्राला कशासाठी घेणार? हेल्परसाठीच ना?

शाळेत हाताचे काम शिकवणे जमण्यासारखे नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने शिरूर तालुक्यातल्या पाबळला जाऊन यावे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम उभारला. त्यातून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय तयार झाला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस कामाचा: वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती-जनावरे, अन्नप्रक्रिया, आरोग्य. शिकवायला गावचाच कारागीर. मुलांनी गावाची खरीखुरी कामे करून द्यायची आणि त्यातून शिकायचे. कलबाग २००३ साली गेले, आश्रमाचे काम चालू आहे. त्यांच्या मांडणीतली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे हा विषय 'ढ' मुलांसाठी वेगळा काढलेला नव्हता. डॉक्टर व्हायचे असेल त्यानेही विटेवर वीट ठेवायची.

तसे पाहिले तर आपल्या शेजारच्या पेणला शाळेबाहेरची केवढी मोठी शाळा चालते. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात पोरे गणपतीच्या कारखान्यातच मोठी होतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात तयार व्हायला वर्षे लागतात आणि तो हात चांगला पैसा मिळवतो. दहावीच्या गुणपत्रिकेत त्या हाताला रकाना नाही. त्याच पेणमध्ये आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेले कातकरी आदिवासी पोर पावसाच्या तोंडावर परत येते, तेव्हा मातीचा कस त्याला आपल्या सिव्हिल इंजिनिअरपेक्षा बरा कळत असतो. आपल्या पटावर ते 'गैरहजर' असते. भट्टीवर मुलांनी जावे असे माझे म्हणणे नाही, कधीच जाऊ नये. पण जे शिकून आले त्याला निदान शाळेत ओळख मिळाली तर ते पुन्हा बाकावर बसायला येईल.

आणि मुलींचे काय? व्यवसाय शिक्षण म्हटले की मुलींपुढे ब्युटी अँड वेलनेसच सरकवले जाते. धाटावच्या प्रयोगशाळांत केमिस्ट्री झालेल्या मुली उत्तम काम करतात. इन्स्ट्रुमेंटेशनला ताकद लागत नाही, नजर आणि चिकाटी लागते. नववीतल्या मुलीला हे कोणी सांगितलेच नाही तर ती मागणार कशी?

माझे मागणे मोठे नाही. रोहा-अष्टमीतल्या सगळ्या माध्यमिक शाळांना मिळून एक वर्कशॉप हवे. प्रत्येक शाळेत वेगळे कपाट नको. जागा नगरपरिषदेने द्यावी. प्रत्येक शाळेच्या नववी-दहावीने आठवड्यातला एक दिवस तिथे यावे. दोन निदेशक शासनाच्या वेतनावर, कायम पदावर असावेत. एजन्सीचे वार्षिक कंत्राट इथे नको, ही एक गोष्ट मान्य झाली तरी बाकीचे आम्ही भांडून मिळवू. कारखानदारांनी सीएसआरमधून बाके आणि दप्तरे वाटणे एक वर्ष थांबवावे आणि जुने व्हॉल्व्ह, पंप, फ्लँज, गेज स्वच्छ धुऊन, रसायनाचा अंश नसल्याची खात्री करून पाठवावेत. मुलांना प्लँटमध्ये नेऊ नका. तुमचा फिटर शाळेत पाठवा, महिन्यातून एक दिवस, भरपगारी.

धाटावमधून निवृत्त झालेले फिटर, वेल्डर, बॉयलर अटेंडंट रोहा-अष्टमीत गल्लोगल्ली आहेत. आखातात पाइप फिटिंग करून परतलेली माणसे आमच्या अष्टमीतही आहेत. यांतल्या काहींशी बोललो आहे, शिकवायला ते तयार आहेत. फुकट नको, मानधन हवे म्हणतात, आणि ते बरोबर आहे. अडते ते पात्रतेपाशी: बी.एड. नाही, काहींकडे आयटीआयचा दाखलाही नाही. मुलाला इजा झाली तर विमा कोणाचा, हेही ठरलेले नाही. या दोन मुद्द्यांवर शालेय शिक्षण आणि कौशल्य विकास अशा दोन्ही खात्यांच्या सह्यांचा शासन निर्णय लागेल. नववीचे विषय शाळा जूनमध्ये पक्के करतात, तेव्हा तो त्याआधी निघाला पाहिजे. मसुदा लिहून द्यायला आम्ही बसू. कोणत्या टेबलावर द्यायचा तेवढे कळवा.

आपला,
धाटावचा एक निवृत्त मेंटेनन्स फोरमन
अष्टमी, ता. रोहा, जि. रायगड