उटण्यातला उशीर

नवी मुंबईच्या दुकानांतून हल्ली लव्हेंडरचे साबण नि तेले हारीने मांडलेली दिसतात. हे नाव ‘धुणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले असे एक मत आहे. १९३७ साली फ्रेंच रसायनज्ञ गॅटफोसे याने सुगंधोपचारावर पुस्तक लिहिले. लव्हेंडरच्या वासाने मन निवते, झोपेला थोडी मदत होते, असे काही प्रयोगांत आढळलेही आहे. मात्र जुन्या निद्रानाशाला डॉक्टरच गाठावा. आणि हे तेल पोटात घेऊ नये, नुसते अंगाला चोळू नये.

पण हे झाड थंड, कोरड्या हवेचे. जम्मूकडे भद्रवाहला ते पिकते. आपल्या खाडीकाठच्या पावसात त्याची मुळे कुजायची. आपल्या हवेत रमतो तो वाळा! त्याचा सुगंध मुळांतच असतो. मुलांना मात्र वाळा म्हटले की बाळाच्या पायातला दागिनाच आठवतो.

वाळ्याचे संस्कृत नाव उशीर. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात शकुंतलेचा दाह शमवायला नेतात तो याचाच लेप. विदर्भातल्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडतात; पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि आत येणारा वारा गार होतो. माठात टाकलेली जुडी पाणी सुवासिक करते.

तेव्हा नरकचतुर्दशीला उटणे कालवण्यापूर्वी वाळ्याची काडी मुलांना हुंगायला द्या. अभ्यंगाला उशीर झाला तरी चालेल. उटण्यात ‘उशीर’ असला म्हणजे झाले!