सवलत म्हणजे लाड नव्हेत

पुण्यातील मिळकतकरात राहत्या घराला मिळणारी 40 टक्के सवलत म्हणजे 'घरमालकांचे लाड', हे एका पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. ही सवलत 1970 पासूनची. ती वार्षिक करपात्र रकमेत मिळते, कारण स्वतः राहणाऱ्याला घर भाडे देत नाही. लाडच शोधायचे तर मुदतीआधी एकरकमी भरणाऱ्याला सर्वसाधारण करात मिळणारी 5 ते 10 टक्के सूट बघा. गाठीला पैसा असेल त्यालाच ती परवडते! भाडेकरू ठेवून सवलत लाटणारे आहेत, हे कबूल. त्यांना महापालिकेने खुशाल शोधावे. पण मध्यंतरी काढलेली सवलत 2023 मध्ये परत मिळाली, तेव्हा घरात स्वतः राहत असल्याचे दाखवायला पीटी-3 अर्ज, सोसायटीचे पत्र, गॅसकार्ड घेऊन रांगेत उभे राहिले ते बहुतेक पेन्शनरच.

– एक करदाता, पुणे