विश्लेषण : सिंधुदुर्गात काम आहे, तरी माणसे का कमी होत आहेत?

आंबा, काजू, मासळी, पर्यटन, रेल्वे आणि आता विमानतळही. छोट्या ग्रामीण जिल्ह्याकडे याहून अधिक काय हवे? तरीही 2011 च्या जनगणनेत राज्यातील ज्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, त्यांत मुंबई शहर आणि रत्नागिरीसोबत सिंधुदुर्ग होता. असे का झाले आणि पुढे काय होऊ शकते?

आकडे काय सांगतात?

2001 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 8 लाख 68 हजार 825 होती. दहा वर्षांनी ती 8 लाख 49 हजार 651 झाली. याच काळात राज्याची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली. साक्षरता 85 टक्क्यांवर असल्याने शिक्षण नाही म्हणून काम नाही, असे म्हणता येत नाही. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्याही 1079 वरून 1036 वर आली. पूर्वी पुरुष मुंबईला जाई आणि कुटुंब गावी राही. आता कुटुंबच घराला कुलूप लावून जात असावे, असा याचा एक अर्थ निघतो.

मनीऑर्डरनंतर काय?

1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून हा जिल्हा वेगळा झाला. त्याआधी अनेक पिढ्या हा भाग मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरवर जगला. जिल्हा होऊन वर्ष उलटायच्या आत, जानेवारी 1982 मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि तो आधार खचला. आज बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग परिसरातील तरुण रोज दुचाकीवरून गोव्यातील कारखान्यांत आणि हॉटेलांत कामाला जातात. 2020 च्या टाळेबंदीत सीमा बंद झाली आणि हे अवलंबित्व उघडे पडले.

मग जिल्ह्यात काम नाही का?

आहे, पण हंगामापुरते. आंब्याची मुख्य धावपळ मार्च ते मे. मेअखेरीस जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद होते ती थेट ऑगस्टअखेरपर्यंत. जूनपासून मासेमारी बंदी. म्हणजे तीनही मोठे व्यवसाय पावसाळ्यात एकदमच थांबतात. घरखर्च आणि कर्जाचे हप्ते मात्र बारा महिने चालू असतात. त्यामुळे देवगडच्या बागांत राखणीला आणि छाटणीला नेपाळी कामगार येतात आणि इथला मुलगा गोव्यात किंवा पुण्यात पगार शोधतो. कोकणी माणसाने मुंबईत जे केले, तेच नेपाळी माणूस इथे करतो आहे.

मोठ्या प्रकल्पांनी चित्र बदलले का?

1997 मध्ये सिंधुदुर्ग देशातील पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. ऑक्टोबर 2021 मध्ये चिपी विमानतळ सुरू झाला, पण तिथल्या सेवेत सातत्य राहिले नाही आणि पुढच्याच वर्षी सीमेपलीकडे मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले. या सोयी हव्यातच, पण रस्ता, रेल्वे आणि विमान माणसाला आणतात तसे नेतातही. गावात थांबण्यासारखा पगार नसेल तर चांगला रस्ता जाणेच सोपे करतो.

पुढचा मार्ग कोणता?

उत्तर काजूच्या झाडाखाली पडले आहे. गोव्यात बोंडूपासून फेणी होते आणि तिला 2009 पासून भौगोलिक मानांकन आहे. सिंधुदुर्गात बी काढून घेतल्यावर बहुतेक बोंडू बागेतच कुजतो. बोंडू नाशवंत असल्याने तो गावाजवळच्या केंद्रातच हाताळावा लागेल. रस टिकवून ठेवला आणि वाळवलेली बी साठवली, तर प्रक्रियेचे काम पावसाळ्यातही चालू शकते. त्यासाठी शीतगृह, भरवशाची वीज आणि हंगामात खरेदीसाठी खेळते भांडवल लागते. विमानतळाच्या तुलनेत हा खर्च लहान आहे, पण त्याची फीत कापायला फारशी गर्दी होत नाही.

म्हणून यापुढे प्रत्येक घोषणेला एकच प्रश्न विचारायला हवा : यातून किती जणांना बारा महिने पगार मिळेल? किती कोटींची गुंतवणूक आली आणि किती पर्यटक आले, हे आकडे त्यानंतरचे. हा प्रश्न विचारलाच नाही, तर पुढच्या जनगणनेला येणाऱ्या प्रगणकाला आणखी काही दारांवर कुलूपच दिसेल.