तारेचा हिशेब
तंबोऱ्याच्या तारेवर एका ठिकाणीं भार दिला असतां बाकीची तार किती ढळते, यावरून तिचे स्वर काढूं गेल्यास संकलन-समीकरण उभें राहतें. म्हणजे ज्यांत अज्ञात राशि अनंत बेरजेच्या पोटांत दडलेली असते असें समीकरण. त्याची उपपत्ति स्वीडनच्या फ्रेडहोल्म यांनीं १९०३ सालीं मांडली. पुढें १९३० सालीं फिनलंडच्या न्यूस्ट्रॉम यांनीं सोपी वाट दाखविली: तारेवरील थोडेच बिंदु निवडावे, प्रत्येकास योग्य वजन द्यावें व साधी बेरीज करावी.

दोन्ही टोकें बांधलेल्या तारेच्या मूळ स्वराची सूचक संख्या योग्य एककांत ०.१०१३ आहे. गॉसच्या रीतीचे अवघे दोन बिंदु घेतले तरी ती ०.१०५७ येते; चूक शेंकडा ४ च्या आसपास! परंतु दुसऱ्या स्वराची संख्या ०.०२५३ असतां हाच हिशेब ०.०६१० सांगतो.

सुज्ञ वाचकहो, एक उत्तर बरोबर आलें म्हणून शेजारचें खरें मानूं नये. बिंदु वाढवून हिशेब पुन्हा करावा. जे आंकडे फारसे हलत नाहींत, त्यांवरच विसंबावें. संगणक बेरीज करील; संशय मात्र आपणांसच घ्यावा लागतो.