कॉर्टिसॉलच्या नावानं

‘तुमचं पोट खाण्यानं नाही, टेन्शननं सुटलंय,’ असं सांगणाऱ्या जाहिराती सध्या मोबाइलवर सारख्या येतात. खाली गोळ्यांची बाटली आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक ‘कंट्रोल’ करण्याची हमी. ऑफिस, लोकल, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण यांत पिचलेल्या बाईला हे लगेच पटतं. ‘कमी खा’ असं न सुनावता कुणीतरी आपला थकवा ओळखला, असं तिला वाटतं. नेमक्या त्या थकव्यावर धंदा चालतो, याची मला चीड येते.

दावा जुनाच आहे. वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत ‘कॉर्टिस्लिम’ नावाच्या गोळीचा टीव्हीवर गाजावाजा होता. मॅग्नोलियाची साल, ग्रीन टी, क्रोमियम असं काय काय तिच्यात होतं. ती कॉर्टिसॉल आवरते आणि त्यामुळे वजन झपाट्यानं उतरतं, असं सांगितलं जाई. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २००४ मध्ये हे दावे खोटे किंवा निराधार असल्याचं म्हणत कारवाई केली. २००७ च्या तडजोडीत विक्रेत्यांना किमान १ कोटी २० लाख डॉलरच्या मालमत्तेवर पाणी सोडावं लागलं.

कॉर्टिसॉल मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींतून येतं. सकाळी ते सर्वांत जास्त असतं, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. रक्तातली साखर, रक्तदाब, आजाराशी झुंज, सगळ्याला ते लागतं. ते खरोखर बेसुमार वाढलं तर त्या आजाराला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. चेहरा गोल होतो, पोट सुटतं पण हातपाय बारीक होतात, पोटावर जांभळे रुंद पट्टे उमटतात, जरा धक्का लागला तरी काळंनिळं पडतं. त्याच्या ठरलेल्या तपासण्या आहेत: रात्री उशिराची लाळ, चोवीस तासांची लघवी, डेक्सामेथासोनची गोळी देऊन केलेली रक्ततपासणी. साध्या लठ्ठपणात हे प्रमाण बहुधा नॉर्मलच निघतं. मग गोळी आवरते ते नक्की काय?

आपल्याकडच्या बाटल्यांत मुख्य माल अश्वगंधेचा असतो. तिला मी टाकाऊ म्हणणार नाही. ताणाखाली असलेल्या ५२ जणांवरचा आठ आठवड्यांचा एक भारतीय अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अश्वगंधा घेणाऱ्यांचं वजन सुमारे ३ टक्के घटलं, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचंही दीड टक्का घटलं. सत्तर किलोच्या माणसाला फरक पडला जेमतेम एका किलोचा. एवढ्याशा अभ्यासावर ‘पोट गायब’ची हमी उभी राहत नाही. शिवाय अश्वगंधा घेतल्यावर कावीळ झाल्याच्या नोंदी भारतासह अनेक देशांतल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. गरोदर बाईनं आणि थायरॉइडची गोळी चालू असलेल्यानं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हातही लावू नये.

माझ्या मैत्रिणीची बाटली मी हातात घेऊन वाचली. पुढे ठसठशीत अक्षरांत ताण आणि पोटाची चरबी, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’. घटकांच्या जागी ‘मिश्रण’ आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन, कुठला घटक किती याचा पत्ता नाही. वर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक होता, त्याचा तिला मोठा आधार वाटत होता. तो परवाना खाद्यपदार्थ बनवून विकण्याचा असतो. या बाटलीनं वजन उतरतं, हे कुणी तपासलंय असा त्याचा अर्थ होत नाही. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात करायला तर आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे.

या गदारोळात एक खरा धोका मागे पडतो. कुशिंगची लक्षणं सर्वांत जास्त दिसतात ती कॉर्टिसॉलसारखं काम करणारी स्टेरॉइडची औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांत. सांधेदुखीवर, दम्यावर किंवा ‘अंग भरण्यासाठी’ म्हणून नाव नसलेल्या पुड्या मिळतात, त्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. घरात कुणी अशी पुडी महिनोन्महिने घेत असेल आणि चेहरा गोल होत चालला असेल, तर पुडी घेऊनच त्यांना डॉक्टरकडे न्या. ती मनानं एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवून बसलेलं असतं आणि अचानक तोडल्यास जिवावर बेतू शकतं.