मनाची हजेरी

शाळेची घंटा होते. गुरुजी हजेरीपट उघडतात. एकेक नाव घेतले जाते आणि एकेक विद्यार्थी ‘हजर’ म्हणतो. हा शब्द तुम्हांला परका नाही. तो मूळचा अरबी. फारसीतून तो मराठीत आला आणि इथलाच झाला. उर्दूत तुम्ही ‘हाजिर’ म्हणता, मराठीत ‘हजर’. पण मित्रांनो, हजेरीपटात नोंद होते ती शरीराची. मन वर्गात आले आहे की नाही, हे त्या पटावरून कळत नाही.

मी गुहागर तालुक्यातील एका शाळेत मराठी शिकवत होतो. वर्गाच्या खिडकीतून सुरूची झाडे दिसत आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. आठवीत एक मुलगा होता. धडा सुरू झाला, की चार वाक्यांतच त्याची नजर खिडकीबाहेर जाई. प्रश्न विचारला, की तो दचकून उभा राही आणि म्हणे, “काय सर?” सारा वर्ग हसे. मी त्याची जागा बदलली, तर तो दाराकडे पाहू लागला. मग रागाच्या भरात मी त्याला दोनदा वर्गाबाहेर उभे केले. तिसऱ्या वेळी मी काही बोलण्यापूर्वीच तो उठला आणि आपणहून दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मी कारण विचारले. तो म्हणाला, “सर, नाहीतरी मी बाहेरच असतो.”

ते उत्तर मला फार लागले. मी शिक्षा केली होती ती त्याने लक्ष द्यावे म्हणून. त्याने मात्र त्यातून एवढेच घेतले, की हा वर्ग आपला नाही. ज्याला असे वाटू लागते, तो एक दिवस शाळेत यायचेच थांबवतो.

पुढच्या रविवारी मी समुद्रावर गेलो. जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि जाळ्यांची दुरुस्ती चालते. तो मुलगा आजोबांजवळ बसून फाटलेले जाळे विणत होता. मी अर्धा तास दुरून पाहत होतो. तेवढ्या वेळात त्याने एकदाही मान वर केली नाही.

म्हणजे त्याच्याजवळ लक्ष नव्हते, असे नाही. मग ते जाळ्यावर का टिकत होते आणि धड्यावर का टिकत नव्हते? जाळ्याचे काम लहान लहान गाठींचे असते. गाठ बरोबर बसली की नाही, ते लगेच दिसते. हात चालू असतात आणि शेजारी चूक सांगणारे माणूस असते. माझ्या तासाला मात्र हात बांधून केवळ ऐकायचे होते. शिवाय तो घरी कोकणी बोले, शाळेत उर्दू शिके आणि माझ्या तासाला पुस्तकी मराठी ऐके. एक शब्द अडला की पुढचे वाक्य निसटे. जिथे काही समजत नाही, तिथे मन थांबत नाही. आपणा मोठ्यांचेही थांबत नाही.

आजकाल सगळा दोष मोबाइलला दिला जातो. मोबाइल मन ओढतो, हे खरे. परंतु मोबाइल नव्हता तेव्हाही मने भटकतच होती. विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंताने १८९० साली मानसशास्त्रावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने दाखवून दिले, की प्रयत्नपूर्वक दिलेले लक्ष एका वेळी काही क्षणच टिकते. ज्याला आपण ‘एकाग्रता’ म्हणतो, ते भटकलेल्या मनाला पुन्हापुन्हा परत आणणे असते. हे जर खरे असेल, तर मन भटकले म्हणून मुलाला अपराधी ठरवणे चूक आहे. त्याला परतीची वाट दाखवणे, हे आपले काम आहे.

आम्ही काही साध्या गोष्टी केल्या. त्याला पहिल्या बाकावर, एका शांत मुलाशेजारी बसवले. धड्याचे लहान भाग पाडले. प्रत्येक भागानंतर सर्वांनी एक ओळ लिहायची, असा नियम केला. कठीण शब्द आधीच फळ्यावर उर्दू अर्थासह लिहू लागलो. फळा पुसणे, वह्या वाटणे ही कामे त्याच्याकडे दिली. त्यामुळे त्याला मध्येच उठता येई. आमच्या दोघांत एक खूण ठरली. त्याचे मन गेले असे दिसले, की मी न बोलता त्याच्या बाकावर बोट टेकवत असे. वर्गाला हसायला कारण उरले नाही.

तो काही वर्गात पहिला आला नाही. खिडकीबाहेर पाहणेही पूर्ण थांबले नाही. पण तो परत येऊ लागला आणि दाराबाहेर जाऊन उभे राहणे संपले.

काही जण म्हणतील, “एका मुलासाठी एवढे कशाला? धाक असला की लक्ष आपोआप येते.” मला हे पटत नाही. धाकाने मान सरळ होते, डोळे फळ्याकडे वळतात. पण मन मात्र भीतीकडेच पाहत राहते. आणि धड्याचे लहान भाग पाडल्याने फायदा झाला तो एकाचा नव्हे, साऱ्या वर्गाचा.

मात्र सर्वच मुलांना एवढे पुरत नाही. कधी मुलाला फळा नीट दिसत नसतो, कधी कमी ऐकू येत असते. म्हणून आधी डोळे आणि कान तपासावेत. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले, तर लाजू नये. काही मुलांत चंचलता इतकी असते, की घरी आणि शाळेत, दोन्हीकडे त्यांचे रोजचे काम अडते. डॉक्टर तिला अतिचंचलतेचा विकार म्हणतात. तो मुलाचा खोडकरपणा नव्हे, की आईवडिलांच्या संस्काराची उणीव नव्हे. त्यावर उपचार आणि मदत मिळू शकते.

याच गुहागर तालुक्यातील कोतळूक गावी ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. पुण्यात त्यांनी अनेक वर्षे शिक्षकाचे काम केले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करता यावे, यासाठी १९११ साली त्यांनी विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते नामंजूर झाले. पुढे स्वतंत्र भारतात २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला आणि त्याच कायद्याने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी केली. कायद्याने मूल शाळेच्या दारापर्यंत आले. दारातून आत त्याला आपणच आणायचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाचे मन वर्गात भटकत असेल, तर त्याने स्वतःला मठ्ठ समजू नये. मन गेले हे लक्षात आले, की ते परत आणावे आणि शेवटचा समजलेला शब्द वहीत लिहावा. काही अडले, तर हात वर करून विचारावे. आणि शेजारचा मित्र दचकून “काय सर?” म्हणाला, तर हसू नका. कोणते पान चालू आहे, ते त्याला बोटाने दाखवा.